टीव्हीकडे पाठ करून बसणारा देवचंद

देवचंद टीव्हीकडे पाठ करून टीव्ही पाहतो.

हे वाचून तुम्हाला छपाईची चूक वाटेल. नाही. लाखनीच्या आसपासच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. आमच्या भागातल्या निम्म्या घरांवर डिश बसवणारा हा माणूस. छपरावरचं काम संपलं की तो खाली उतरतो, हात धुतो, टीव्हीच्या बरोबर खाली भिंतीला टेकून मांडी घालतो आणि घरातल्या माणसांकडे टक लावून बघत बसतो. टीव्ही त्याच्या डोक्यावर चालू असतो. पाच मिनिटांनी उठतो आणि म्हणतो, "आलं बरोबर." नाहीतर म्हणतो, "थांबा, थोडंसं डावीकडं घेतो."

नवीन गिऱ्हाईक वैतागतं. अरे बाबा, एकदा वळून तर बघ! देवचंदचं उत्तर ठरलेलं. "टीव्ही नाई पाहाचा जी. पाहणाऱ्याचं तोंड पाहाचं. टीव्ही खोटं बोलन, तोंड नाई बोलत."

सिहोऱ्याकडच्या एका घरी त्याने अशीच डिश बसवली. नातू म्हणाला चित्र छान आहे, सून म्हणाली छान आहे, म्हातारी म्हणाली सगळं धुरकट दिसतं. देवचंदने म्हातारीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरली. "डिश बराबर हाये. आजीले भंडाऱ्याले न्या, मोतीबिंदू हाये." घरच्यांना राग आला. महिन्याभराने म्हातारीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिकडची माणसं त्याला डिश बिघडली नसली तरी बोलावतात.

क्रिकेटच्या फायनलला आमच्या कॉलनीत मोठा पडदा लावला होता. चाळीस-पन्नास माणसं पडद्याकडे तोंड करून आणि एकटा देवचंद त्यांच्याकडे तोंड करून बसलेला. मॅच संपल्यावर मी विचारलं, "काय पाहिलंस?" त्याने सगळी मॅच सांगितली. "चौथ्या ओव्हरीत तुमच्या बँकवाल्यानं तोंडात घातलेला भजा तसाच ठेवला, तवा समजलं मोठी विकेट गेली. मंग बराच वेळ सगळे मोबाइल पाहून राहिले होते, म्हणजे खेळ ढिला होता. शेवटी बँकवाल्यानं भजा गिळला, तवा जिंकलो." मला स्वतःला त्या मॅचमधलं आता काहीच आठवत नाही, तो भजा मात्र आठवतो.

एका घरी तर त्याने डिश बसवून पुन्हा काढली. चार माणसं, चार मोबाइल, टीव्हीकडे एकाचंही लक्ष नाही. "पाहाचंच नाई तं कायले छप्पर फोडता?" असं म्हणून तो चालता झाला. धंदा असा करतात का? मी त्याला बरंच बोललो. तो हसला आणि चहा पिऊन गेला.

मी त्याला बोलू शकतो, कारण आम्ही एका गावचे, एका वर्गातले. अड्याळजवळ आमचं गाव. मी शिकून मास्तर झालो आणि लाखनीला घर बांधलं, तो आयटीआय करून डिशवाला झाला आणि लाखनीतच राहिला. वयाने तो माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे. तरी मी त्याला "देवचंद, तू" म्हणतो आणि तो मला "विलासभाऊ, तुमी" म्हणतो. हे कधी आणि कसं ठरलं, तो विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आम्ही लहान असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, 'नाववाले काका'. नदीकाठच्या गावातला एक नावाडी. जो येईल त्याला पलीकडे नेणार. साहेब असो, चोर असो, आजारी बाई असो. गावातले लोक विचारायचे, "काका, उस पार किसके लिए जाते हो?" काका वल्हं मारता मारता म्हणायचे, "उस पार भी अपने ही लोग हैं." बस, एवढंच. मारामारी नाही, जादू नाही. पण त्या अर्ध्या तासात आमच्या गावात कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

गावातला पहिला टीव्ही आमच्या घरी आला. बाबांची धानाची शेती बऱ्यापैकी होती. रविवारी बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसायची. आमच्या आळीतली माणसं खोलीत, बौद्ध वस्तीतली माणसं अंगणात, खिडकीचे गज धरून. कुणी कुणाला "आत येऊ नका" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती, इतकं ते पक्कं होतं.

नागपूरचं प्रक्षेपण आमच्याकडे येईस्तोवर दम तोडायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. छपरावरचा अँटेना धरून फिरवावा लागायचा. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपरावर मोठा माणूस चढला तर कवेलू फुटणार, म्हणून हलकंफुलकं पोरगं हवं असायचं. देवचंद बौद्ध वस्तीतला, त्याचा बाप आमच्याच शेतात कामाला होता. देवचंद हलका होता. तो वर चढायचा, मी खाली दारात उभा राहायचो. तो ओरडायचा, "आलं का?" मी ओरडायचो, "नाही! अजून! अजून! आलं, आलं! हलू नको!" आणि मी पळत आत येऊन सगळ्यात पुढे बसायचो. ही माझी कामगिरी. मला तिचा फार अभिमान होता.

त्या मालिकेचं आज काहीच शिल्लक नाही. टेपा म्हणे पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी भरलं. पण आमच्याकडे देवचंद होता. त्याला सगळे भाग तोंडपाठ. नुसते संवाद नाहीत, आवाजसुद्धा. वल्ह्याची करकर, पाण्याचं डुबुक डुबुक, पाटलाचं खाकरणं, काकांचा दमलेला श्वास. डिश बसवता बसवता छपरावरून तो सुरू व्हायचा आणि खाली बायका काम थांबवून ऐकत उभ्या राहायच्या. आमच्या वयाच्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'नाववाले काकांची लेकरं'. पुण्या-मुंबईला, दुबईला गेलेले लोक त्यात आहेत. देवचंदने एखादा भाग आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला की तिकडे पन्नाशीची माणसं डोळे पुसतात.

एकच गोष्ट विचित्र होती. ग्रुपवर कुणी त्या नटाचा जुना फोटो टाकला की देवचंद तो उघडायचाच नाही. मी एकदा मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला, तर त्याने चक्क डोळे मिटले. "कायले दाखवता? मले काकाचं तोंड मालूम हाये." मी म्हटलं, आहे झालं, विक्षिप्त माणूस. आणि एक गंमत, शेवटच्या भागाची नक्कल तो कधीच करत नसे. विचारलं की म्हणायचा, "त्यात आवाज नाई."

मागच्या वर्षी बातमी आली की 'नाववाले काका'वर सिनेमा येतोय. विनोदी. ग्रुपवर आठवडाभर नुसती धुमश्चक्री. एक म्हणे, आमच्या बालपणाची टिंगल करायचा अधिकार यांना दिला कुणी? दुसरा म्हणे, नाव तरी जगेल, नाहीतर आपल्या पोरांना कोण काका ते माहीत तरी आहे का? दुबईवाला म्हणाला की आपण मोठे झालो, थोडं हसायला शिकायला हवं. त्यावर दोघांनी ग्रुप सोडला आणि संध्याकाळी परत आले. मी दोन्ही बाजूंनी बोललो. मास्तर माणूस, सवय आहे. सिनेमाला शिव्याही घातल्या आणि तिकीट कधी निघणार तेही विचारलं.

देवचंद गप्प होता. मग कळलं की सिनेमात मूळ नट एका प्रसंगापुरता दिसणार आहे, काकांचं काम करणारा खरा माणूस. आता ऐंशीच्या घरात असेल. मी म्हटलं, "देवचंद, चल. एकदा तरी त्याचं तोंड बघ."

"तुमी जाता का?"

"मी जातो तर."

"मंग येतो. तुमी असले तं येतो," तो म्हणाला. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

भंडाऱ्याला दुपारच्या खेळाला गेलो. देवचंद इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. टॉकीजमध्ये पडद्याकडे पाठ करून बसायची सोय नाही, म्हणून त्याने कडेची खुर्ची धरली आणि तिरका होऊन माझ्याकडे तोंड करून बसला. मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, "काका, पिच्चर तिकडं हाये." देवचंदने मान हलवली आणि तसाच बसून राहिला. मला लाज वाटली, खरं सांगतो. मी त्याला हळूच म्हटलं, "लोक बघतात." तो म्हणाला, "बघू द्या. तुमी पिच्चर पाहा."

सिनेमा काय सांगू! काकांच्या नावेला मोटर. काका तिशीतला, छाती उघडी टाकलेला, अक्कल शून्य. नावेत बायका नाचतात. पलीकडच्या तीरावर दारूचं दुकान आणि हा गडी रोज संध्याकाळी बाटलीकडे बोट करून म्हणतो, "उस पार भी अपने ही लोग हैं." थिएटर हसत होतं. मी दात आवळून बसलो होतो. ज्या वाक्यावर आम्ही मोठे झालो, त्याची यांनी दारू करून विकली, असं मनातल्या मनात म्हणत होतो. शेजारी देवचंद माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला थोडं समाधान दिसलं. मी चिडलोय हे त्याला बरं वाटत असावं.

मग शेवट आला. मूळ मालिकेच्या शेवटच्या भागात पूर येतो. काका अख्खं गाव पलीकडे नेतात आणि शेवटच्या खेपेला नाव उलटते. त्यानंतर बराच वेळ काहीही बोलणं नाही, संगीत नाही, पाण्याचाही आवाज बंद. नुसती नदी आणि तिच्यावर तरंगत येणारं रिकामं वल्हं. संपलं. आमच्या बैठकीत त्या दिवशी बाबांसारखा माणूससुद्धा नाक पुसत होता. मी तर हमसून हमसून रडलो होतो.

सिनेमातही सगळं तसंच आलं. पूर, नाव उलटणं, आवाज बंद, तरंगणारं वल्हं. मला रडू यायला लागलं. म्हटलं, चला, एवढं तरी जपलं. वल्हं वाहत वाहत काठाला येतं. काठावर एक म्हातारा गळ टाकून बसलाय. तोच, आमचा खरा काका. सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. वल्हं येतं आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर खाडकन बसतं, म्हातारा उताणा चिखलात पडतो, धोतर वर, आणि चिखलातून हात काढून म्हणतो, "उस पार भी..." आणि पुन्हा पडतो.

मी हसलो.

नाइलाजाने नाही, खदखदून हसलो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. प्रसंग जमलाच होता तसा. दाटून आलेलं रडू तसंच्या तसं हसण्यात गेलं. हे लिहिताना मला माझाच संताप येतो, पण हसलो ते हसलो. दिवे लागले तेव्हाही मी हसतच होतो आणि देवचंद माझ्याकडे बघत होता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. देवचंद कपातल्या चहाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "विलासभाऊ, तवा काय दाखवलं होतं जी? शेवटच्या भागात?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? तू पाहिलं नाहीस?"

"मी वर होतो ना."

"अरे, चित्र आल्यावर खाली येऊन खिडकीतून पाहायचास ना?"

"कसा येऊ? अँटेना सोडला का मुंग्या येत. तुमीच तं सांगत होते, हलू नको म्हणून." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मी कप खाली ठेवला. दीड वर्ष चालली होती ती मालिका. दीड वर्ष दर रविवारी एक पोरगं आमच्या छपरावर, उन्हात, लोखंडी नळी धरून अर्धा अर्धा तास उभं होतं. त्याने एकही भाग पाहिला नव्हता. आणि मी पस्तीस वर्षं त्याच्याशी त्या मालिकेवर गप्पा मारत होतो.

"मले ऐकू ये ना सगळं," देवचंद म्हणाला. "अन् वायर आत न्याले एक कवेलू सरकवला होता तुमच्या बाबानं. त्या फटीतून खाली दिसे. टीव्ही नाई दिसे, टीव्ही भिंतीकडं होता. तुमी दिसत होते. सगळ्यात पुढं बसत होते तुमी. तुमी हासले का मले समजे काकानं गंमत केली. तुमी भेले का समजे मगर आली. मी तुमच्या तोंडावरच सगळं पाह्यलं, भाऊ."



"शेवटच्या दिवशी आवाज बंद झाला," तो पुढे म्हणाला. "मले वाटलं, गेलं चित्र. मी तीनदा ओरडलो, आलं का म्हणून. कोणी बोललं नाई. मंग वाकून पाह्यलं तं तुमी रडून राहिले होते. बाबा रडून राहिले होते. मी म्हनलं, काका गेला. मले लई बरं वाटलं होतं, भाऊ. काका गेल्याचं नाई. बाबा कोणासाठी रडन असं मले वाटलं नव्हतं. अन् काका तं नावाडीच ना. आमच्यावानी राबणारा. मी उतरून घरी गेलो अन् मायले सांगितलं, त्या घरची माणसं चांगली हायेत, फक्त तसं दाखवत नाईत."

चहावाल्याने पैसे मागितले. देवचंदने मला देऊ दिले नाहीत.

मी त्याला सांगितलं, शेवटी फक्त वल्हं दाखवलं होतं. रिकामं, तरंगत येणारं.

"बस? वल्हंच?"

"वल्हंच."

"आजबी तेच होतं का?"

"हो. पण तेव्हा ते कुणाला लागलं नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "आज तुमी लई हासले."

"अरे, सिनेमाच विनोदी होता देवचंद. सगळेच हसले."

"हो जी. मी सगळे नाई पाह्यले. मी तुमालेच पाहून राहिलो होतो."

परतताना एसटीत तो खिडकीशी बसला आणि लाखनी येईपर्यंत बाहेर बघत राहिला. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. मी त्या रविवारी खरंच रडलो होतो, अगदी मनापासून. पण त्याच्या पुढच्या रविवारी नवीन मालिका लागली, तेव्हा मी दारात उभा राहून पुन्हा ओरडलो होतो, "आलं! हलू नको!" 'उस पार भी अपने ही लोग हैं' हे वाक्य दीड वर्ष ऐकून, त्यावर रडून, डोक्यावरच्या छपरावर कोण उभं आहे हे मला एकदाही सुचलं नाही. सिनेमावाल्यांनी त्या वाक्याची दारू केली म्हणून मी दात आवळत होतो. मी त्याचं काय केलं होतं? हे मी त्याला सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

त्या दिवसापासून देवचंदने ग्रुपवर एकही भाग पाठवलेला नाही. दुबईवाल्याने दोनदा विचारलं. देवचंदने लिहिलं, विसरलो.

मागच्या महिन्यात वादळात आमची डिश हलली. मी फोन केला, तो लगेच आला. वर चढला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आत टीव्हीसमोर बायको होती, ती ओरडून मला सांगत होती आणि मी त्याला. "आलं का?" तो वरून म्हणाला. मी म्हटलं, "आलं. तू खाली ये, देवचंद. आत येऊन बस."

तो उतरला. हात धुतले. बैठकीत आला. मी मुद्दाम टीव्हीच्या खालची जागा मोकळी ठेवली होती, सतरंजी घातली होती. मी समोर येऊन बसलो. मनातल्या मनात म्हटलं, बघ, माझ्या तोंडाकडे बघ, काय दिसतं ते सांग.

देवचंदने सतरंजी ओलांडली आणि माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसला, टीव्हीकडे तोंड करून. कुठलीशी जाहिरात चालू होती, साबणाची. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली, माझ्याकडे एकदाही वळून न बघता.

"चांगलं आलं," तो म्हणाला आणि पिशवी उचलली.

बायको म्हणाली, देवचंदभाऊ आता माणसात आले, सगळ्यांसारखे टीव्ही पाहतात. कॉलनीतही सगळे तेच म्हणतात. मी ती सतरंजी अजून उचललेली नाही.